दिघाशीची ढालवाली

अण्णा देव घडवायचे. दागिनेही घडवायचे, पण ते पोटासाठी. त्यांचा जीव होता टाकांत. टाक म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायचा बोटभर चांदीचा पत्रा आणि त्यावर उठवलेला कुळाचा देव, कुणाचा खंडोबा, कुणाचा बहिरी, कुणाची एकवीरा. भिवंडीच्या चारी बाजूंच्या गावांतून माणसं आमच्या ओटीवर यायची. घरात लग्न ठरलं की यायची, भाऊ वेगळे झाले की यायची, आणि मुख्य म्हणजे देव झिजला की यायची. रोज आंघोळ, सणावाराला चिंचेने नाहीतर रांगोळीने घासणं, असं साठ-सत्तर वर्षं चाललं की देवाचं आधी नाक जातं, मग डोळे जातात, मग नुसता उंचवटा उरतो. अशा देवाला आमच्याकडे ‘दमलेला’ म्हणायचे. दमलेला देव अण्णा मुशीत घालून आटवायचे आणि त्याच चांदीत थोडी नवी चांदी घालून नवा टाक करायचे. हे सगळं त्या घरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं, असा दंडक होता. अण्णा शेगडी पेटवण्याआधी ज्याचा देव त्याला समोर पाटावर बसवायचे आणि म्हणायचे, “आता माझ्या हाताकडे बघा. पापणी लवली तरी चालेल, मान वळवायची नाही.”

आमची आळी बाजारपेठेच्या मागे. पुढच्या ओटीवर अण्णांचं दुकान, मधल्या घरात आम्ही तिघं, मागे परस आणि परसाच्या भिंतीपलीकडे लूमचा कारखाना. त्या खडखडाटात मी जन्मले, बोलायला शिकले आणि मॅट्रिक झाले. त्यामुळे आमच्या घरात सगळेच जरा वरच्या पट्टीत बोलायचे. पाहुण्यांना वाटायचं, आम्ही भांडतोय. शुक्रवारी लूम बंद असत. त्या दिवशी सकाळी जाग आली की कानात काहीतरी कमी झाल्यासारखं वाटायचं, आणि मग एकेक आवाज सुटा होऊन यायचा. आईच्या बांगड्या, पाटा-वरवंटा, अण्णांची बारकी हातोडी. शुक्रवार देवीचा, म्हणून घरात मासळी नसे. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि आमसुलाचं सार. आजही कुठे बिरड्याचा वास आला की मला आधी शांतता आठवते आणि मग चव.

शुक्रवारी दुपारी, जुम्म्याची नमाज आटोपून, काझी सर यायचे. सर शाळेत भूमिती शिकवायचे. मलाही त्यांनीच शिकवली, म्हणजे शिकवायचा प्रयत्न केला. उंच, किडकिडीत, खिशाला दोन पेन्सिली, हातात बेकरीतल्या नानकटाईचा पुडा. आई सुरुवातीला त्यांना चहा वेगळ्या कपात द्यायची. निळ्या फुलाचा तो एक कप फळीच्या टोकाला असायचा. पुढे कधीतरी अण्णांनीच त्यातून चहा प्यायला सुरुवात केली, मग मी, आणि मग तो कप कुणाचा हे आईलाही सांगता येईना. कुणी काही बोललं नाही. आमच्या घरात बरीच सुधारणा अशी न बोलताच झाली.

अण्णा आणि सर यांना एकत्र बांधणारी वस्तू म्हणजे एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात कापसावर ठेवलेली नाणी असत. मी सतरा वर्षांची झाले तोवर ती अकरा झाली होती. सुरतेकडचे दलाल मोडीची चांदी घेऊन यायचे, तुटके वाळे, वाकलेल्या वाट्या, झिजलेले रुपये, आणि त्या ढिगात क्वचित एखादं जाडसर, वेडंवाकडं, फार फार जुनं नाणं असायचं. अण्णा ते उचलून बाजूला ठेवायचे, दलालाला दाखवायचे आणि तेवढ्याच वजनाची आपली चांदी ढिगात टाकायचे. त्यांना त्या नाण्यांचं मोल माहीत नव्हतं आणि विचारायचीही इच्छा नव्हती. त्यांना ज्याने ठसा कोरला त्याचा हात बघायचा असे. डोळ्याला भिंग लावून ते म्हणायचे, “हा माणूस डावरा असणार बघ. घोड्याची आयाळ उलट्या बाजूने सुटलीय.” नाहीतर, “ह्याने आधी ढाल कोरली आणि मग जागा उरली नाही म्हणून हात आखडला. माझंपण असं होतं.” दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराबद्दल ते अशा आवाजात बोलायचे, जसा काही तो पलीकडच्या आळीतच दुकान मांडून बसलाय.

अक्षरं सरांच्या वाट्याची. ही नाणी यवन राजांची, म्हणजे ग्रीकांची, हे पहिल्यांदा त्यांनी ओळखलं, आणि तेही भूमितीमुळे. कोनांना नावं द्यायला वापरतात ती अक्षरं नाण्याच्या काठावर बघून ते एकदम उभेच राहिले होते. “अरे, ये तो बीटा है! आल्फा, सिग्मा!” मग मुंबईच्या म्युझियममधून एक पातळ पुस्तिका आणली, एका पाद्र्याकडून शब्दकोश आणला आणि शुक्रवारमागून शुक्रवार अक्षरं जुळवत बसले. नाण्याच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक लिपी असायची, खरोष्ठी. ती उजवीकडून डावीकडे जाते हे कळल्यावर सर इतके खूश झाले की नानकटाई चहात बुडाली. “ही तर आमचीच चाल!” असं ते आईला स्वयंपाकघरापर्यंत जाऊन सांगून आले.

आईचं वाचन वेगळं होतं. डब्यात एक चौकोनी नाणं होतं, एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला वशिंडाचा बैल. एका दसऱ्याला आईने डबा उघडला, सगळी नाणी चिंचेच्या कोळात भिजवली, रांगोळीने लख्ख घासली आणि हे चौकोनी नाणं देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. म्हणाली, “गणपती पुढे, नंदी मागे. मध्ये शंकर आहेच, तो तुम्हाला दिसत नाही एवढंच.” सर आले, चकचकीत नाणी बघून मटकन खाली बसले. शेकडो वर्षांचा काळपटपणा एका सकाळीत गेला होता. आज माझा भाचेनातू मोबाइलवर मला अशी नाणी दाखवतो आणि ‘कधीही घासू नये’ असं बजावतो, तेव्हा मी मान डोलावते आणि गप्प बसते.

एका नाण्याला मात्र आईने घरात थारा दिला नाही. त्याच्यावर घुबड होतं. “अवलक्षणी. बाहेर काढा ते,” एवढंच म्हणाली. सरांनी ते घरी नेलं, तर आठ दिवसांत परत घेऊन आले. त्यांच्या बेगमही त्याच मताच्या निघाल्या. शेवटी ते घुबड दुकानात, लाखेच्या डब्याच्या तळाशी राहायला गेलं. पण त्याच घुबडाने आम्हाला वेड लावलं. त्याच्याभोवतीची अक्षरं आम्ही तिघांनी मिळून लावली होती, ‘महाराजस त्रातारस मेनंद्रस’. त्राता असलेल्या मेनंद्र महाराजाचं. मिनँडर, म्हणजे बौद्ध ग्रंथांतला मिलिंद. नाण्याच्या दुसऱ्या बाजूला मात्र शिरस्त्राण घातलेली देवी होती, राजा नव्हताच. पुस्तिकेत लिहिलं होतं की ह्याच राजाच्या दुसऱ्या प्रकारच्या नाण्यावर एका बाजूला त्याचा स्वतःचा चेहरा आहे आणि दुसऱ्या बाजूला ढाल आणि वज्र घेतलेली अथीना देवी. त्या देवीचा एक धुरकट फोटोही होता. राजाचा फोटो नव्हता. आमच्याकडे नाव होतं, चेहरा नव्हता. अण्णा प्रत्येक मोडीच्या ढिगात तो चेहरा शोधायचे. सहा वर्षं शोधत होते. मी त्यांच्याहून अधीर होते, कारण त्या वयात मला सगळंच लगेच हवं असायचं.

आणि मग एका सकाळी दिघाशीहून मथुरामावशी आली.

मथुरामावशी आमची नात्याने कुणी नव्हे. तिच्या सासूच्या माहेरचे टाक माझ्या आजोबांनी केलेले, तेवढी ओळख. साठीच्या पुढची, काष्ट्याचं लुगडं, डोक्यावर करांद्यांची, म्हणजे रानातल्या कंदांची, पाटी. आधी करांदे आईच्या पुढ्यात ओतले, मग ओटीवर येऊन बसली आणि कमरेच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली देवी काढली. “सोनारदादा, पोरं येगली झाली. चूल येगली, शेत येगला. देवी येकच हाय. धाकट्याची बायको म्हनतंय, आमच्या घरात देव न्हाय, आमच्या पोराला काय झाला तर बोल कोनाला लावू? थोरला देवी सोरत न्हाय. आता हिला आटवा न दोन करा. दोघांना आर्दी आर्दी.”

अण्णांनी फडकं उलगडलं. हातात घेतलेली वस्तू त्यांनी माझ्याकडे दिली नाही, नुसती माझ्या बाजूला कलती केली. तांब्याच्या चकतीवर लाखेने बसवलेला एक छोटा गोल चांदीचा तुकडा. इतका झिजलेला की आधी काहीच दिसेना. मग उजेड तिरपा पडला आणि दिसलं. उभी बाई, एका हातावर गोल ढाल, दुसरा हात काहीतरी फेकायला उचललेला. काठाला पुसट खुणा, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या. मी अण्णांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. आम्हा दोघांनाही त्याच क्षणी कळलं की त्या लाखेखाली कोण आहे.

“ही कुठून आली तुमच्याकडे?” मी विचारलं.

“माज्या सासूच्या सासऱ्याच्या नांगराला लागली. आमची वज्रेश्वरी ती. हातात वज्र न्हाय का दिसत? गावात समदी ढालवाली म्हनतान.” मावशीने सहज सांगितलं. पुस्तिकेतल्या विद्वानाने जे चार ओळींत लिहिलं होतं, हातात वज्र घेतलेली रक्षणकर्ती देवी, ते दिघाशीच्या एका नांगरधाऱ्याने शेतात उभ्या उभ्या ओळखलं होतं. तिचं नाव तेवढं त्याने आपल्या जवळचं दिलं.

पण ती आता मुशीत जाणार होती. मी अण्णांना मधल्या घरात बोलावलं आणि हळू आवाजात, म्हणजे आमच्या घरचा हळू आवाज, विनवू लागले. तेवढ्याच वजनाची चांदी घाला, मावशीला काय कळणार, आपण सहा वर्षं शोधतोय. अण्णांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मोड म्हणून आली असती तर बदलली असती. देव म्हणून आलीय. देव बदलायचा नाही.” आई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, “शाले, भाता कोण मारणार? जा.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि रागही तेवढाच आला होता. अण्णांचा, त्यांच्या त्या दंडकाचा, मथुरामावशीच्या धाकट्या सुनेचा, सगळ्यांचा.

शेगडी पेटली. मावशी समोर पाटावर बसली. लाखेसकट चांदी मुशीत घालत नाहीत, धूर होतो आणि चांदी डागाळते, म्हणून अण्णांनी देवी आधी सांडशीत धरून निखाऱ्यावर अलगद तापवली. लाख मऊ झाली, ताणली, तांब्याची चकती गळून पडली. अण्णांनी चांदीचा तुकडा उलटा केला, उरलेली लाख फडक्याने पुसली. आणि तो दिसला. देवीची बाजू पिढ्यान्‌पिढ्यांच्या आंघोळीने गेली होती, पण ही बाजू लाखेखाली झाकलेली, जशी ठेवली तशी. तरुण माणूस, सरळ नाक, केसांना बांधलेली फीत आणि तिची मानेमागे उडालेली टोकं, ओठ जरासे मिटलेले, काहीतरी बोलून थांबल्यासारखे. भोवतीची अक्षरं मी घाबरत घाबरत लावली. म्यूपाशी, म्हणजे त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षरापाशी, पोचले आणि पुढचं लावायची गरज उरली नाही.

मथुरामावशीने पुढे वाकून बघितलं आणि झटकन पदर डोक्यावरून पुढे ओढला. परक्या पुरुषासमोर ओढतात तसा. “अग बया! ह्यो कोन?”

अण्णांची नजर त्या चेहऱ्यावरच होती. मग मीच सांगितलं. “राजा होता, मावशी. लांबच्या देशातून आलेल्या लोकांचा. नाव मेनंदर.”

“माज्या देवीच्या पाठीला काय करतंय?”

“त्यानेच तिला नाण्यावर घेतलं. ती त्याची राखणदार.”

मावशी पदराआडून बराच वेळ बघत राहिली. मी देवाला हात जोडले नव्हते, पण मनातल्या मनात काय काय म्हणत होते ते मलाच ठाऊक. शेवटी ती म्हणाली, “ह्यो बाप्या आटवून माज्या पोरांच्या देवीत मिसलायचा? न्हाय सोनारदादा. सुनांनी उद्या ह्याला हलदकुकू लावायचा काय?”

“मग काय करायचं?” अण्णांनी विचारलं. “जुनी चांदी नव्यात गेल्याशिवाय देवी नव्या टाकात यायची कशी?”

“निसत्या तिच्या आंगची काढा. त्याच्या आंगची नको.”

त्यावर अण्णांनी तोडगा काढला. कानशीने देवीच्या बाजूच्या काठाचा थोडा कीस काढायचा, चिमूट दोन चिमूट, आणि तो दोन्ही टाकांच्या चांदीत घालायचा. मावशीला पटलं. पण म्हणाली, कुंवार पोरीच्या हातानं काढा. म्हणजे माझ्या. अण्णांनी कानस माझ्या हातात दिली. जी वस्तू वाचवायला मी दहा मिनिटांपूर्वी रडत होते तिच्यावर मी कानस चालवली. दोनदा. एक थोरल्यासाठी, एक धाकट्यासाठी. कागदावर पडलेला तो चांदीचा भुगा मावशीने कपाळाला लावला. आजचे संग्राहक हे वाचतील तर मला तुरुंगात घालायला निघतील, पण मी त्या क्षणी आनंदाने वेडी झाले होते. काठ गेला तर गेला. चेहरा वाचला होता.

“नवे टाक झाले म्हंजी हिला वज्रेश्वरीला नेऊन तानसा नदीत सोरायची,” मावशी उठता उठता म्हणाली. “येका घरात जुनी न नवी दोगी ठेवत न्हाईत.”

आगीतून सुटली ती पाण्यात निघाली होती.

तीन आठवडे ती आमच्याकडे राहिली. अण्णांनी तिच्यावरून नवा ठसा कोरायला घेतला, काशाचा. मला वाटतं, आयुष्यात त्यांनी इतकं सुख कधी घेतलं नसेल. ढालीची गोलाई, उचललेल्या हाताचा कोपर, वाऱ्याने मागे गेलेलं वस्त्र, एकेक ठिकाणी थांबायचे, भिंग काढायचे, चहा मागायचे आणि म्हणायचे, “काय बाई उभी केलीय लेकाने!” मावशीचा निरोप आला की देवीला नथ पाहिजे आणि हातभर बांगड्याही. अण्णांनी दोन्ही केलं. सर म्हणाले, अथीनाला नथ छान दिसते. काझी सरांनी राजाचा चेहरा पहिल्यांदा बघितला तो शुक्रवारच होता. ते हातात घेईनात. आधी हात धुऊन आले, मग तळहातावर घेतलं आणि दारातल्या उजेडात नेलं. मग म्हणाले, “शालू बेटा, अस्सलामु अलैकुम म्हणावंसं वाटतंय ह्यांना.” त्यांनी कंपासने वर्तुळ काढून त्यात राजाचं चित्र काढलं, पण सर भूमितीचे, राजाचं नाक काटकोनात आलं. अण्णांनी लाखेवर ठसाही घेतला होता. पुढच्या मे महिन्यात छपराच्या तापलेल्या पत्र्याने लाख मऊ झाली आणि राजा बसक्या नाकाचा झाला. एकूण आम्हा तिघांना तो चेहरा जपून ठेवता आला नाही. पण ते तीन आठवडे तो आमच्याकडे होता. मी रोज सकाळी तोंड धुतलं की आधी त्याला बघायची. लूमच्या खडखडाटात, करांद्यांच्या उकडलेल्या वासात, ओटीवरच्या उजेडात तो असायचा, आणि मला वाटायचं, ह्याहून जास्त काही नको.

नवे टाक झाले. दोन्ही मुलगे येऊन आपापला घेऊन गेले, आणि धाकट्याच्या बायकोने आपल्या टाकातली देवी थोरल्यांच्या देवीपेक्षा गोरी आहे असं ओटीवरच जाहीर केलं. उरली जुनी. मावशी म्हणाली, सोडायला सोनाराच्या घरचा हात लागतो, दादा तुम्ही चला. अण्णांनी ऐरणीवरून मान वर केली नाही. म्हणाले, काल्हेरच्या लग्नाचा कमरपट्टा द्यायचाय, मला फुरसत नाही, शालूला न्या. ते लग्न दीड महिन्यावर होतं, हे मला माहीत होतं. माझ्या मनात तेव्हा दुसरंच चाललं होतं, म्हणून मी त्याचा विचार केला नाही.

माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते. निघण्याआधी मी दुकानातल्या मोडीच्या डब्यातून एक राणीछाप पावली काढली होती. झिजलेली, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, नाण्याएवढीच. ती डाव्या मुठीत घट्ट धरूनच मी एस.टी.त चढले. वज्रेश्वरीपर्यंत मूठ उघडली नाही. मावशीने वाटेत भाकरी दिली ती एका हाताने खाल्ली.

देवीचं दर्शन घेऊन आम्ही नदीवर उतरलो. दुपारची वेळ, पाणी कमी, गोट्यांमधून चालत गुडघाभर पाण्यात गेलो. वाटेत एकदोन ठिकाणी पायाला कोमट लागलं, तिथे उन्हाळ्यांचं, म्हणजे गरम झऱ्यांचं, पाणी नदीत मिसळतं. मावशीने ढालवालीला शेवटची आंघोळ घातली, हळदकुंकू लावलं आणि तिच्याशी बोलायला लागली. “बाये, माज्या सासूनं तुना माज्या हाती दिली. मी न्हायला घातली, निवद दाखवला. कवा चुकला आसल, पोरांच्या दुखन्यात येकादा दिस र्‍हायला आसल. रागावू नको. आता तुजी तू मोकली.” मग माझ्या उजव्या तळहातावर ती ठेवली. राजाची बाजू वर आली होती. मावशीने पदर ओढला, पाठ फिरवली आणि म्हणाली, “न त्यालाबी ने. त्याचा दुसरा कोन हाय?”

ती तशीच पाठ करून, हात जोडून उभी राहिली. काठावर कुणी नव्हतं. डावीकडची मूठ पाण्यात उघडायची आणि उजवी मिटायची, एवढंच काम होतं. मी त्याच्याकडे बघितलं. पाण्याने केसांची फीत चमकत होती. मला त्याला घरी न्यायचं होतं. त्यावेळी जगात दुसरं काही इतकं हवंसं वाटत नव्हतं, आणि पुढेही फार थोड्या गोष्टी तशा वाटल्या.

मी उजवा हात पाण्यात घातला आणि उघडला. दोन गोट्यांच्या मधे एकदा पांढरं चमकलं, मग दिसेनासं झालं. का केलं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. पापभीरू मी कधीच नव्हते. पण मावशी वळून बघत नव्हती. साधं अर्ध्या डोळ्यानेही नाही. पाठमोऱ्या माणसाला फसवायला माझा हात उठला नाही, एवढंच म्हणता येईल. मावशीने विचारलं, “सोरली?” मी म्हटलं, “सोडली.” तिने पदराने माझा ओला हात पुसला, आणि मग मला इतकं रडू आलं की तिला वाटलं, मला देवीचा लळा लागला होता. ते काही खोटं नव्हतं. परतीच्या गाडीत मात्र मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपले, आणि जागी झाले तेव्हा मन निवलेलं होतं. असं निवलेलं की मला माझंच नवल वाटलं.

घरी पोचले तेव्हा कारखाना सुरू होता. अण्णा ओटीवर एकटेच बसले होते, समोर कमरपट्ट्याची एकही कडी नव्हती. सगळा दिवस त्यांनी काही काम केलेलं दिसत नव्हतं.

“सोडली?” त्यांनी विचारलं.

“हो.”

ते माझ्या डाव्या हाताकडे बघत होते. मी ती मूठ सकाळपासून सोडलीच नव्हती, झोपेतसुद्धा. अण्णांनी हात पुढे केला, माझी बोटं एकेक करून उघडली. तळव्यावर राणीछाप पावलीचा लाल गोल उमटला होता. त्यांनी ती उचलली, ओळखली, अंगठ्याने पुसली. मला वाटलं, आता बोलणार. मी मान खाली घातली.

अण्णांनी पावली मोडीच्या डब्यात टाकली आणि डब्याचं झाकण लावलं.

“मी असतो तर हीच सोडली असती पाण्यात,” ते म्हणाले. “म्हणून तर आलो नाही.”